गोधड्यांतला अल्बम

बेसूर मोटारीचं पाणीसुद्धा ज्याच्या घशाखाली उतरत नाही, असा माणूस उभ्या शिरूर तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा धाकटा साडू. घर केंदूरला, नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, आणि जीव तिसरीकडेच, गिटारीत. कंपनीतल्या पंपाला कान लावून "अर्धा सूर उतरलाय" म्हणतो. फिटर चिडून पंप उघडतो, तर बेअरिंग खरंच गेलेलं असतं. माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा करकरला, तर यानं त्या सुरावर गिटार धरली आणि नाव ठेवायचं सोडून बायका ऐकत बसल्या.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची गाणी म्हणजे कंट्री, आणि ती जरा वाकड्या वाटेनं गेली की ऑल्टरनेटिव्ह कंट्री, हे मला त्यानंच समजावलं. "पाव्हणं, त्यांच्याकडं मका, आपल्याकडं ऊस. दुःख त्येच हाय." शिफ्टमधले दोघं ढोलकी आणि बेंजोला घेतले आणि पहिला अल्बम घरच्या रिकाम्या कांदाचाळीत रेकॉर्ड केला. आवाज घुमू नये म्हणून चाळीला आतून गोधड्या टांगल्या. त्याच्या घरच्या पुरेनात म्हणून आमच्याही नेल्या. ऐन थंडीत दोन्ही घरं चादरीवर झोपली.

त्याच्या वडिलांनी, आबांनी, मात्र चार वर्षं गिटारीकडे पाहिलं नव्हतं. पोरानं शेती सोडून तारा छेडाव्यात, हे त्यांना सोसत नव्हतं. शेवटचं गाणं त्यानं आबांवरच लिहिलं होतं. ते छान रंगलं आणि संपता संपता शेतीपंपाची थ्री-फेज वीज आली. बाहेर विहिरीवरून आबा कडाडले, "लाईट आली, मोटार चालू करा रं!" तेही रेकॉर्ड झालं. नंतर आठ वेळा गायला, पण तसं पुन्हा जमलं नाही. शेवटी हाकेसकट तेच ठेवलं.

त्यांच्या घरी ट्रॅक्टर असो की बोअर, आबांनी नारळ फोडल्याशिवाय काही चालू होत नाही. अल्बमलाही तोच नियम. साडू माझ्या कानाशी लागला, "आबा मधनंच उठून गेलं, तर गिटार इकून टाकीन, पाव्हणं." आबांनी नारळ फोडला, साडूनं अल्बम लावला आणि आबा मान खाली घालून ऐकत बसले. शेवटी त्यांचीच हाक आली, तसे दचकून विहिरीकडे बघायला लागले.

"मीच हाय व्हय ह्यो?"

"व्हय, आबा."

"मग परत लाव. पहिल्यापासनं."

माझा जीव भांड्यात पडला. साडू तर नारळाची कवड हातात घेऊन रडत होता.

आता आबा थकलेत. मोटार मोबाईलवरून चालू होते, विहिरीवरून कुणी ओरडत नाही. कुरकुंभच्या खोलीवर साडू रोज ते शेवटचं गाणं लावतो, आणि हाक आली की गडी अजूनही जागचा अर्धा उठतो.