रस्त्यावरची आवणी

माझा घोटीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि आंदोलनं या तिन्हींवर माझं घर चाललं. लग्नातला नवरदेव आणि आंदोलनातला पुढारी यांत मला कधी फारसा फरक दिसला नाही. फोटो निघेपर्यंत दोघंही ताठ उभे, निघाला की दोघंही घामाघूम. पुतळा जाळताना, गाढवाच्या गळ्यात पाटी अडकवताना, बंद कार्यालयाला हार घालताना मी कितीतरी पुढाऱ्यांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ते पेपरात यायचे. खाली 'प्रतीकात्मक आंदोलन' असं छापलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात भजी बांधून मिळायची. त्यामुळे असल्या आंदोलनांनी काही होतं का, असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून 'नाही' म्हणायचो. आता मी त्यांना बसवून घेतो आणि तळ्याच्या वाडीच्या लंकाबाईची हकिगत सांगतो.

लंकाबाई पन्नाशीची, काटक, आणि तोंडाची फटकळ. एका बांधावरून हाक मारली तर समोरच्या डोंगरावरची गुरंसुद्धा मान वर करायची. नवरा लवकर गेला. मुलगा पुंजा दिवाळीनंतर द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला जायचा. घरी ती आणि तिची सून उज्वला. भाताची चार खाचरं आणि वर उतारावर नागली, एवढाच संसार. पण भाताच्या बाबतीत बाईचा शब्द वाडीत शेवटचा असे.

वाडी ते घोटीची सडक एवढा रस्ता खडी क्रशरच्या डंपरांनी खाऊन टाकला होता. शहाण्णवच्या श्रावणात उज्वलाच्या कळा सुरू झाल्या. तिला जीपमध्ये घालून निघाले. जीप एका खड्ड्यातून निघायची आणि दुसऱ्यात आपटायची. मूल जीपमध्येच झालं. ते रडलं नाही. लंकाबाईनं त्याला पदरात गुंडाळून तसंच घोटीपर्यंत नेलं. दवाखान्याच्या पायरीवर बसलेली ती बाई मी पाहिली आहे. आयुष्यात काही वेळा कॅमेरा गळ्यात असून उचलवत नाही, त्यातली ती एक.

अठ्ठ्याण्णवच्या आषाढात उज्वला पुन्हा पोटुशी होती, तिसरा महिना लागला होता. नेमके त्याच महिन्यात नाशिकहून मनोजभाऊ अवतरले. मनोजभाऊ तेव्हा कुठल्याशा युवक आघाडीचे अध्यक्ष होते. पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल, पाऊस असला तरी गॉगल. त्यांनी बेत सांगितला. रस्त्यातल्या खड्ड्यांत बायकांनी भाताची रोपं खोचायची, मागे बॅनर धरायचा, मी फोटो काढायचा आणि दहा मिनिटांत सगळे मोकळे. असे फोटो मी दर पावसाळ्यात दोन-तीन काढतच असे. फक्त इतर ठिकाणी रोपं खोचायला पक्षाचे कार्यकर्ते असायचे. मनोजभाऊंनी इथे चूक केली. त्यांनी ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आवणी करणाऱ्या बायकांना बोलावलं.

बायका पावसासाठी पाठीवर इरली घेऊन, उरलेल्या रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन आल्या. लंकाबाईनं खड्ड्यात पाय घातला आणि नाक मुरडलं.

"चिखल कुठं झालाय ह्याचा? असं लावलं तर मरंल ना रोप."

"मावशी, जगवायचं नाहीये," मनोजभाऊ हसून म्हणाले. "नुसतं दिसलं पाहिजे."

"दिसायला लावत्यात व्हय भात?" ती म्हणाली आणि साडीचा काचा मारून चिखल तुडवायला लागली. बाकीच्या तिच्यामागं. दोन्ही कडांना मातीचे बांध घातले गेले, पाणी अडलं, खड्डा खड्ड्याला मिळाला. मग ओळीनं वाकून, मागं मागं सरकत त्यांनी लावायला सुरुवात केली. मी फोटो काढले, मनोजभाऊंनी एक रोप हातात धरून हसून घेतलं, बॅनर गुंडाळला गेला, तरी बायका वाकलेल्याच. दुपार कलली तेव्हा रस्त्याचा सगळ्यात वाईट पट्टा, चांगला लांबलचक, हिरवागार उभा होता.

"आता उपटा आणि जाऊ द्या गाड्या," मनोजभाऊ घड्याळ बघत म्हणाले.

लंकाबाई सरळ झाली. कमरेवर हात ठेवून तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की गॉगल आपोआप खाली आला.

"लावल्यालं उपटू? तुमच्यात उपटत असतील. आमच्यात लावल्याल्या भातात कोणी चपलंनं पाय नाय घालत. माझी सून पोटुशी हाय, भाऊ. ह्या बारीला मला ते पोर जित्तं पायजे. मी काय फोटोला आली नाय."

मनोजभाऊ गाडीत बसून निघून गेले. मीही स्टुडिओत परतलो. फोटो पेपरात आला, खाली तेच छापलं होतं. मी म्हटलं, चला, भज्यांची सोय झाली.

पण भजी बांधली जाण्याआधीच गंमत झाली. सकाळी पहिला डंपर आला, तो काळूचा. काळू घोटीजवळचाच, भातकऱ्याचा पोरगा. हिरवा पट्टा बघून त्यानं ब्रेक मारला आणि खाली उतरला. उतरताना पायातल्या चपला केबिनमध्ये काढून ठेवल्या. रोपाला हात लावून बघितला. रोप ताठ उभं होतं. मागे एकेक करत डंपरांची रांग लागली. क्रशरचा शेठ जीप घेऊन धावत आला.

"अरे, रस्ता आहे तो! शेत नाही!"

"शेठ, आवणी झाल्याली हाय," काळू म्हणाला. "ह्याच्यावर चाक घातलं तर आई घरात घ्यायची नाय मला."

शेठनं दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. सगळे याच भागातले, सगळ्यांच्या घरी त्याच आठवड्यात आवणी झालेली. एकानंही गिअर टाकला नाही. मनमाडहून नवे ड्रायव्हर आणतो, असं ओरडत शेठ गेला. आणलेही. ते आले तेव्हा वाडीतल्या बायका इरली पांघरून बांधावर बसल्या होत्या, निवांत निंदणी करत. ना घोषणा, ना बॅनर. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या अंगावर गाडी कोण घालणार? पाहुणे ड्रायव्हर चहा पिऊन मनमाडला परत गेले.

वाडीनं रस्त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते, त्यांनी एक खडा हलला नव्हता. शेठच्या खडीला पाय फुटेनात, तसे मात्र फोन वाजू लागले. भाद्रपदात बांधकामचे साहेब स्वतः आले. त्यांचा ड्रायव्हरही भातवालाच निघाला. त्यानं पट्ट्याच्या अलीकडे जीप उभी केली आणि साहेबांना नम्रपणे सांगितलं, "इथून पुढं पायी." साहेब बूट हातात घेऊन, कडेच्या चिखलातून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाडीत पोचले. तो रस्ता पायानं चाललेले ते पहिले साहेब. वाटेत दोनदा घसरून बसले. मी तिथे होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

दसऱ्याला मंजुरी आली. साहेब पुन्हा आले, लगेच काम सुरू करतो म्हणाले. भात तेव्हा पिवळं पडायला लागलं होतं. सगळी वाडी लंकाबाईकडे बघू लागली. उज्वलाला सहावा लागला होता. एकेक दिवस मोलाचा, आणि ते सासूएवढं कुणालाच कळत नव्हतं.

"दाणा भरतोय," ती म्हणाली. "पिकल्याबिगर विळा नाय लागायचा. तवर तुमची खडी, डांबर आणून कडंला टाका. आमी सकाळी कापू, तुमी दुपारी मशीन लावा."

मी मनात म्हटलं, ही बाई आता सगळं घालवणार. सरकारला एकदा थांब म्हटलं की ते वर्षभर थांबतं. पण शेठला घाई होती, खडी त्याचीच घ्यायची होती. कडेला ढीग पडत गेले. दिवाळी उरकली, आणि ज्या सकाळी बायकांनी रस्त्यावरचं भात कापलं, त्याच दुपारी तिथे रोलर उभा राहिला. कापलेल्या भाताचा भारा डोक्यावर घेऊन लंकाबाई रोलरच्या पुढून गेली, तेव्हा रोलरवाल्यानं हॉर्न वाजवून सलामी दिली. बाई लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि हा फोटो मात्र मी सोडला नाही.

माघात उद्घाटन ठरलं. मनोजभाऊ पांढऱ्या बुटात हजर, गळ्यात हार, "माझ्या आंदोलनाला यश" असा फलक. मला त्यांनीच गाडीतून आणलं होतं. आडवी फीत बांधून आम्ही प्रमुख पाहुण्यांची वाट बघत होतो. पाहुणे कुठे अडकले होते देव जाणे. तेवढ्यात वाडीकडून तिथल्याच देवरामची जीप आली. पुंजा पिंपळगावला कामावर होता. मागे उज्वला आडवी, तिचं डोकं लंकाबाईच्या मांडीवर.

"मावशी, दोन मिनिटं, पाहुणे येतच आहेत," मनोजभाऊ म्हणाले.

"पाव्हणा हितं हाय!" सुनेच्या पोटावर हात ठेवून लंकाबाई ओरडली. देवरामनं गाडी थांबवलीच नाही. फीत बॉनेटला गुंडाळून जीप पुढे गेली. कार्यक्रमात आता फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी धावत जाऊन पुढच्या सीटवर उडी घेतली.

मागे वळून बघितलं. लंकाबाईनं डोळे घट्ट मिटले होते. एक पाय समोरच्या लोखंडाला टेकवलेला, दोन्ही हातांनी सुनेचं पोट धरलेलं, ओठ दातांखाली दाबलेले. ती धक्क्याची वाट बघत होती. उज्वला कण्हत होती, पण कळांनी. जीप सरळ पळत होती. थोड्या वेळानं डोळे न उघडताच लंकाबाई म्हणाली,

"देवराम, खड्डे लागायच्या आधी सांग रं. मी हिला नीट धरती."

देवरामनं गाडी उभी केली आणि मागे वळला.

"मावशी, डोळं उघडा. दवाखाना आला."