फोटो निघाला म्हणजे झालं

आधी कंगवा, मग नळी. अनुदानाचा साहेब तपासणीला आला की माझा शेजारी ठिबकवाला खिशातून कंगवा काढायचा, भांग पाडायचा आणि ठिबकच्या नळीला हात लावून उभा राहायचा. साहेबाच्या मोबाइलमध्ये फोटो निघायचा. मग शेतकऱ्याकडे वळून तो म्हणायचा, "फोटो निघाला म्हन्जे झालं, भाऊ."

वरूडला त्याचं ठिबक विक्रीचं दुकान आणि माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. विक्रीचं म्हणतो खरं, पण त्याने नळी विकलेली मी कधी पाहिली नाही. तो ती फिरवायचा. आज या बागेत अंथरली, फोटो काढला, उद्या गुंडाळून पुढच्या बागेत. अनुदान खात्यात आलं की अर्धं शेतकऱ्याचं, अर्धं याचं. झाडं मात्र कोरडीच. मोटारी बसवायला मी गावोगाव जायचो. निळ्या चिंधीने बांधलेलं नळीचं तेच टोक मला इतक्या बागांत भेटलं, की त्याला रामराम घालायचं तेवढं बाकी होतं.

आणि थाट बघा! ज्याच्या नळीतून कधी थेंब पडला नाही, तो दुकानाच्या दारात उभा राहून पाणी वाचवण्यावर भाषण द्यायचा. प्रत्येक बागेत स्वतःच्या फोटोचा पत्र्याचा बोर्ड ठोकायचा. हात जोडलेले, भांग पाडलेला. असा एखादा तुमच्याही गावात असेलच. मी एकदा विचारलं, "काहून रे, वावरात तुहं तोंड कायले?"

"जाहिरात लागते, भाऊ." लाज हा माल त्याच्या दुकानात कधी आलाच नाही.

मग त्याने शेंदूरजनाघाटची बेबीकाकू गाठली. नवरा गेलेला, संत्र्याची कलमं नुकती लावलेली, आणि उन्हाळ्यात विहिरीला जेमतेम पाणी. ठिबक नसतं तर ती कलमं पावसाळ्यापर्यंत टिकली नसती. काकूला हा फिरवाफिरवीचा खेळ ठाऊक नव्हता. तिने गाय विकून नळीच्या किमतीतला आपला हिस्सा आधीच देऊन टाकला. नळी अंथरली, फोटो निघाला. "झालं, काकू," हा म्हणाला. तिला वाटलं, खरंच झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या विहिरीवर मोटार बसवत होतो, तेव्हा हा नळी गुंडाळायला आला. पुढच्या गावी साहेब येऊन उभा होता.

"नळी सोड, काकू. तपासनी हाय."

"काहून सोडू? माही हाय."

"अवो, ते फोटोपुरती होती!"

काकूने नळीवर पाय रोवला. मग म्हणाली, "तूच म्हन्ला नं, फोटो निघाला म्हन्जे झालं? मंग झालं. फोटोत मी हाओ, नळी हाय, तू बी हायेस. जाय, साहेबाले दाखव." आणि माझ्याकडे वळून, "भाऊ, चालू कर मोटार."

इतक्या आनंदाने मी आजवर एकही मोटार चालू केलेली नाही. निळी चिंधी पहिल्यांदा ओली झाली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. तो चिखलात उभा राहिला, खिशातला कंगवा चाचपत. तक्रार तरी कुठे करणार? नळी फिरती आहे, हे आधी सांगावं लागलं असतं.

पुढच्या गावी साहेबाला मोकळं वावर दिसलं आणि याचं दुकान बंद पडलं. आता म्हणे तेल्हाऱ्याकडे सौर पंपांच्या अनुदानात शिरलाय. तिकडच्यांनी जपून राहावं.

काकूची झाडं आता डोक्यावर गेलीत. आसपासच्या बागांत रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, धुडगूस घातलाय, पण तिच्या धुऱ्यावर, बांधापाशी, रोही येतात, बोर्डावरचं तोंड बघून बिचकतात आणि मागे फिरतात. मी म्हटलं, "काकू, ते थोबाड काढत काहून नाही?"

"राहू दे नं, भाऊ," ती म्हणाली. "त्याचा फोटो कामाचा निघाला."