जुनी सुगडी

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळत आलो. केडगावात माझ्याकडे कुणी आलं आणि आमच्या गावच्या ओढ्याचा विषय निघाला, की मी चहा टाकायला उठायचो. आता उठबस होत नाही. म्हणून लिहितो.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. आमच्या गावचा ओढा शेवाळानं हिरवागार झाला, काठावरच्या पिण्याच्या विहिरीला वास येऊ लागला, तेव्हा सरपंचांनी मला तपासायला सांगितलं. पद्धत सोपी होती. मातीच्या छोट्या भांड्यांत चायना ग्रासची घट्ट खळ भरायची. काहींत नत्र मिसळायचं, काहींत स्फुरद, काहींत दोन्ही, आणि काहींत काहीच नाही. तोंडं बंद करून ती ओढ्यात ठेवायची. खत मातीतून हळूहळू पाझरतं. ओढ्यात जे कमी असेल, ते भरलेल्या भांड्यावर शेवाळ जास्त धरतं. सगळीच सारखी हिरवी झाली, तर पाण्यात आधीच खत भरपूर आहे असं समजायचं.

भांडी म्हणून मी संक्रांतीची सुगडी वापरायचो. पण तेव्हा संक्रांत होऊन गेली होती आणि कुंभाराकडे एकही उरलं नव्हतं. मग आदल्या वर्षी दुसऱ्या ओढ्यावर दोन्ही खतं भरून वापरलेली सुगडी मी घासली, उन्हात वाळवली आणि पुन्हा भरली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला माझ्या मावसबहिणीचा म्हशींचा गोठा होता. माझ्याहून मोठी, एकटी बाई. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिचं घर त्या दुधावर चालायचं. माझ्या सुगड्यांवर गुरांचा पाय पडू नये म्हणून तिनंच भोवती काट्या लावल्या.

"लोकं सुगडात बोरं-गाजरं भरत्यात, अन् तू खत भरतो व्हय?" ती हसायची. "वाण कुणाला देनार, बेडकांस्नी?"

सुगडी बाहेर काढली तेव्हा सगळी सारखीच हिरवी होती. बिनखताच्या खळीचीसुद्धा. मी निष्कर्ष सांगून टाकला आणि ग्रामसभा ठरली.

सभेच्या दिवशी सकाळी सामान आवरताना फळीवर उरलेली जुनी सुगडी दिसली. तीही घासून ठेवलेली होती. त्यांच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड आली होती. बोटानं पुसून जिभेला लावली. खारट. खत मातीत मुरलेलं होतं. घासून ते गेलंच नव्हतं. म्हणजे ओढ्यातल्या त्या हिरव्या रंगानं काहीच सिद्ध होत नव्हतं. मी हात धुतले आणि सभेला गेलो.

"सर, पाण्यात खत येतंय कुठून?" सरपंचांनी विचारलं. "वरच्या अंगाला काय हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चुकलो म्हणालो असतो तर फार तर हसले असते.

"गोठा," मी म्हणालो.

गलका झाला. "म्हशी हलवा!" "आमी काय शेन पितो व्हय?" आक्का उठली. ती भांडेल असं मला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आमचा मास्तर खोटं न्हाई बोलायचा," ती म्हणाली. "त्यो म्हनतो म्हंजी आसंल."

म्हशी बांधायला तिला दुसरी जागा नव्हती. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात ती त्या विकायला निघाली, तेव्हा सांगायचं ठरवूनच मी टेम्पोत तिच्याशेजारी बसलो. वाटभर ती मागं वळून म्हशींशी बोलत होती. "गप उभी ऱ्हा गं, मास्तर हाय संगं."

बाजारात मी तिचा हात धरला. "आक्का, ती सुगडी..."

"मरू दे तुझी सुगडी," ती म्हणाली. "हा कासरा धर जरा." आणि गिऱ्हाईक आलं. मी कासरा धरून उभा राहिलो. मग तो मीच गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी गोठा रिकामा होता आणि ओढा तसाच हिरवा. कुणी मला काही विचारलं नाही. आक्कानंही नाही. दिवाळीला मी गेलो की ती पिशवीतल्या दुधाचा चहा करायची आणि म्हणायची, "पानचट हाय, घे." मी घ्यायचो. ती गेली त्या वर्षीही घेतला.

आक्का, सुगडी जुनी होती. मला त्या सकाळीच कळलं होतं. तुझ्या म्हशींवर मी खोटा आळ घेतला. मला माफ कर.