भाताच्या खाचरातला गोल्फ

आमच्या कॉलेजात गोल्फचा संघ आहे, हे कॉलेजातल्याच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. संघ म्हणजे आम्ही चौघे. विलायतेत शिकून आलेल्या एका प्राध्यापकांना या खेळाचं भारी वेड होतं आणि त्यांनी आम्हाला वर्गातूनच वेचून घेतलं होतं. आमचा कप्तान शिस्तीचा माणूस. दुसरा पारशी, त्याच्याकडे वडिलांच्या जुन्या काठ्यांची अख्खी पिशवी होती. तिसरा गिरगावातला, सतत भुकेला. आणि चौथा मी, कर्जतजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा.

महायुद्धाचे दिवस होते. नाताळची सुट्टी तोंडावर आली आणि आम्ही सराव करायचो त्या मैदानावर लष्कराचे तंबू लागले. जानेवारीत तर पुण्याच्या कॉलेजाशी सामना ठरलेला. कप्तान डोकं धरून बसला, तेव्हा मी बोलून गेलो, "आमच्या गावाला चला. भातं कापून झालीत. खाचरं नुसती मोकळी पडलीत."

भिवपुरीला उतरून आम्ही बांधाबांधाने घरी पोचलो. वडील अंगणात दोर वळत होते. त्यांनी पारशाच्या पिशवीतून एक लोखंडी डोक्याची काठी काढली, उलटसुलट करून पाहिली.

"ह्यानं काय करतात?"

"चेंडू मारतात, काका," कप्तान अदबीने म्हणाला.

"कुठं?"

"लांब खड्डा असतो, त्यात घालायचा. कमीत कमी फटक्यांत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "खड्ड्यापातूर चालत जाऊन हातानं टाकला तर?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहार त्यांनीच काढून दिली आणि कुठल्या खाचरात खड्डे खणायचे नाहीत तेही सांगितलं.

आम्ही खड्डे खणले, बांबूच्या कामट्यांना लाल चिंध्या बांधून शेजारी रोवल्या. आता मैदान तयार झालं, असं वाटलं. पण भाताची खोडं चेंडूला वाटेल तिकडे वळवत आणि सरळ गेलेला चेंडू बांधावर आपटून आमच्याच पायाशी येई. त्यात मधल्या दोन खाचरांत आईने वाल लावला होता. लवकर पेरलेला, शेंगा धरलेला. चेंडू वालात गेला की खेळ थांबायचा, कारण युद्धामुळे नवे चेंडू मिळत नव्हते आणि आईने बजावलं होतं, "वालात पाय टाकशील तर बघ!"

तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेंगा खुडून वालातून बाहेर आली. पदराच्या ओट्यात शेंगा आणि शेंगांवर आमचे तीन पांढरे चेंडू.

"माज्या वालात अंडी कोण घालतंय रं?"

गिरगावकर तर लोळायचाच बाकी राहिला. पारशी पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "मावशी, सगळे चेंडू वापस दिलेस, आता एक फटका तूच मार नी!"

आई नाही म्हणणार, असं मी धरून चाललो होतो. पण तिने शेंगा टोपलीत ओतल्या, पदर कमरेला खोचला आणि काठी हातात घेतली. पहिल्या फटक्याला मातीचं ढेकूळच उडालं. कप्तान तिला पकड समजावू लागला.

"तू सरक रं बाजूला. मला येतंय."

दुसरा फटका बसला तो आवाज मी अजून विसरलो नाही. चेंडू वाल ओलांडून, बांधामागून बांध ओलांडून थेट खळ्याकडे गेला. आमच्यापैकी कुणाचाच चेंडू तिथवर गेला नव्हता. आनंदाने ओरडणार, तोच लक्षात आलं, खळ्यावर वडील आहेत.

ते चेंडू मुठीत घेऊन आले. कपाळाला आठ्या.

"म्हशीच्या कानाजवळून गेला. कुणाचा ह्यो?"

आम्ही चौघेही खाली पाहू लागलो. आई काठी टेकून उभी होती.

"माजा," ती म्हणाली.

वडिलांनी खळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आपल्या पायांनी आत्ताच चालून आलेलं अंतर ते डोळ्यांनी पुन्हा मोजत होते.

"तू मारलास? हितनं?"

"मग? लगीन होण्याआदी इटीदांडूत माज्यासमोर भाऊबी उभे ऱ्हात नसत."

"तुजा भाऊ म्हनला होता मला तसं," वडील सावकाश म्हणाले. "मला वाटलं, मस्करी करतोय." चेंडू त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला. "परत मार. थांब, म्हस बांधतो आदी."

ते खरोखरच पळत गेले. वडिलांना पळताना मी प्रथमच पाहत होतो. म्हैस गोठ्यात बांधून त्यांनी लांबूनच हात वर केला आणि आईने मारला. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला तेव्हा ते असे ओरडले, की शेजारच्या खळ्यावरची माणसं काम टाकून धावत आली.

त्यानंतर सुट्टीभर रोज दुपारची भांडी आवरली की आई खेळायला येई. लांबचा फटका तिचा हमखास, खड्ड्याजवळ मात्र तिचा धीर सुटे, मग ती चेंडूलाच दटावी, "जा की मेल्या आत!" वडील बांबूची कामटी धरून खड्ड्याशी उभे राहत आणि पंचाच्या तोऱ्यात निकाल देत. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात अशी माझी समजूत होती. त्या दिवसांत ती कुठल्या कुठे गेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवल्या. गिरगावकराने एवढ्या शेंगा खाल्ल्या, की आई म्हणाली, "ह्याच्यापेक्षा चेंडू बरे. वालात पडतात, पन खात तरी नाय."

पुण्याशी आम्ही हरलो, थोडक्यात. हिरवळीवर चेंडू आमच्या अंदाजापेक्षा फारच पुढे पळू लागला. खाचरात खेळून आमचे हात जड झाले होते. परतीच्या गाडीत प्राध्यापक आमचे फटके पुन्हा पुन्हा मोजत होते. खंडाळ्याचा घाट उतरताना कप्तानाने त्यांना आईच्या फटक्याची हकिकत सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यांनी पकड कशी धरली होती, नीट आठवतंय का रे कुणाला?" मग गाडी कर्जतला लागेपर्यंत आम्ही पाचही जण हाताशी मिळेल ती छत्री, ती काठी घेऊन डब्यातच आईची पकड करून पाहत होतो.