क्रांतीचे दात

क्रांती जन्मली त्याच उन्हाळ्यात बोरखडीच्या बौद्धवस्तीवर पहिला हापसा बसला. आटपाडी तालुक्याच्या माळावरचं ते गाव. प्यायचं पाणी म्हणजे गावविहीर, आणि वस्तीतल्या बायकांनी विहिरीच्या काठाखाली घागरी मांडून उभं राहायचं. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. हापशाला पाणी लागलं तशी क्रांतीच्या वडिलांनी, आण्णांनी, सगळ्या वस्तीला गूळ वाटला. "आता कुणाच्या तोंडाकडं बघायला नगं," म्हणाले, आणि त्याच आनंदात पोरीचं नाव क्रांती ठेवलं.

पाणी चवीला जरा मचूळ, पण बारमाही. पुढं दुष्काळात विहिरी तळाला गेल्या तेव्हा वरच्या आळीतल्या बायकाही मुकाट घागरी घेऊन वस्तीवर आल्या. आण्णांनी कुणाला अडवलं नाही. उलट स्वतः दांडा मारून त्यांच्या घागरी भरून दिल्या, आणि त्या गोष्टीचा त्यांना जन्मभर अभिमान वाटत राहिला.

क्रांतीचे दुधाचे दात पडून पक्के आले ते खडूसारखे. वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यावर तपकिरी पट्टे उमटले, मग बारीक खड्डे पडले. वस्तीतल्या सगळ्याच पोरांचं तसं झालं, आणि ज्यांनी ज्यांनी दारात बोअर पाडले त्यांच्याही पोरांचं. कुणी म्हणे हे पिढीजात आहे, कुणी म्हणे पोरं चोरून मिश्री लावतात. शाळेत मास्तर तिला वर्गासमोर उभं करून राखुंडीनं दात घासून यायला सांगत, आणि ती हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासत बसे. नाकीडोळी नीटस पोरगी. पण न्हाण आलं त्या वयात तिला कळून चुकलं की आपण तोंड मिटून असलो तरच लोक आपल्याला नीटस म्हणतात.

बघायला आलेले पाहुणे कांदेपोहे खाऊन जायचे आणि निरोप धाडायचे, "पोरगी चांगली हाय. पण बोलायला लागली की कसंतरीच वाटतं बघा." असे बरेच निरोप आले. शेवटी लोणंदच्या कांदा बाजारात हमाली करणाऱ्या एकानं होकार दिला. माणूस मनानं मोकळा होता. शेजारणींनी मिश्रीवरून टोमणा मारला की तो दारातूनच ओरडायचा, "माझी बायकू हाय, मी बघतो तिच्या तोंडाकडं!" माया झाली. माया तीन वर्षांची असताना ट्रकचं फाळकं निखळून त्याच्या अंगावर पडलं आणि तो जागच्या जागी गेला. सासरच्यांनी वर्ष भरेपर्यंतही ठेवून घेतलं नाही. लेकीला कडेवर घेऊन क्रांती बोरखडीला परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हापशावर घागर लावली.

माया चौथीत होती तेव्हा शाळेत आरोग्य तपासणी झाली. आयांनाही बोलावलं होतं, म्हणून क्रांती सोबत होती. तरुण डॉक्टरबाई होत्या. मायाच्या नव्या दातांवर बॅटरी धरून त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हापशाचं," क्रांती म्हणाली. "दात रोज घासून घेते मी तिचे."

"घासण्याचा काही संबंध नाही हो ह्याचा. पाण्यात फ्लोराइड आहे. जन्मापासून सात-आठ वर्षांपर्यंत जे पाणी पोटात जातं, ते दातांत उतरतं. पुढं हाडांत."

क्रांती घरी आली तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांची पाठ लाकडासारखी आखडलेली. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. वयाचं दुखणं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. तिनं डॉक्टरबाईचं बोलणं सांगितलं. ते अंग वळवून तिच्याकडं बघत राहिले.

"म्या गूळ वाटला व्हता गं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर क्रांतीच्या मागं एकच काम लागलं. दिवसा डाळिंबाच्या बागेवर मजुरी, आणि खाडा पडेल त्या दिवशी ग्रामपंचायत, नाहीतर पंचायत समिती. निवडणूक जवळ आली तसा भागातले पुढारी उदयसिंहदादा यांनी वस्तीजवळ पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून दिलं. निळी पत्र्याची खोली, नाणं टाकलं की घागरभर गोड पाणी. फीत कापताना दादांनी स्वतः पेला भरून आण्णांना पाजला. निवडणूक झाली, दादा निवडून आले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला यंत्र बंद पडलं. आतली जाळी चोंदली होती. ती बदलायची कुणी, ह्यावर पंचायत ठेकेदाराकडं बोट दाखवी, ठेकेदार दादांकडं, आणि दादांचा माणूस पंचायतीकडं. दाराला कुलूप लागलं ते लागलंच.

पुढच्या निवडणुकीला दादांची सभा तालमीपुढं झाली. दादा उंचेपुरे, गोरेपान, हसले की मोत्यांसारखी दंतपंक्ती दिसायची. बायका कौतुकानं म्हणायच्या, राजबिंडा माणूस. भाषणाच्या भरात ते म्हणाले, "काय कमी केलं आपण बोरखडीला? कुणीबी उठून सांगा!"

असं म्हटल्यावर कुणी उठत नसतं. क्रांती उठली.

"दादा, पाण्याचं यंतर चार वर्षं कुलपात हाय. ह्या गावची पोरं हापशाचं पाणी पित्यात. त्यानं काय हुतं ते बघा," आणि भर सभेत तिनं ओठ वर करून दात दाखवले. जन्मात पहिल्यांदा, आपण होऊन.

मग दादा माइकमध्ये हसले. "ताई, यंत्र सुरू करू. पण आधी तुमी मिश्री तर बंद करा!"

मांडव फुटला. पुरुष मांडीवर थापा मारून हसले. बायकांच्या बाजूलाही हसू पिकलं. पदर तोंडाशी धरून त्या हसत होत्या, कारण पदराआड त्यांचेही दात तसलेच होते.

"म्या मिश्री लावत न्हाई," क्रांती म्हणाली. "मत मागाया आलाय तवा पाण्याचं बोला."

पण तोवर गाणं लावलं होतं. दोन कार्यकर्त्यांनी "बसा ताई, बसा" म्हणत तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची राहीबाई धनगरीण आली. तिचे गुडघे वाकलेले, दोन वाक्यांमागं एकदा टेकायची. "मीबी हसले गं काल," म्हणाली. "माझा ल्योक दादांच्या गाडीवर हाय. म्होरंच बसलेलं, न हसून कसं चालंल?" क्रांतीनं तिला चहा दिला. राग धरावा असं त्या बाईत काही उरलेलंच नव्हतं.

राहीबाईला कळलं नव्हतं ते मायाला सकाळीच कळलं होतं. सभेतल्या कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. पाण्याचा भाग कापून टाकलेला. नुसते क्रांतीचे दात जवळून, आणि दादांचं वाक्य, पुन्हा पुन्हा, गाण्यावर बसवून. ते आटपाडीत फिरलं, सांगलीत फिरलं, लोणंदला तिच्या जावेनं बघितलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, दात आहेत का चिखलाची पाणंद. कुणी लिहिलं, हिला बघून ब्रशच पळाला असेल. माया तेव्हा आटपाडीच्या कॉलेजात अकरावीला होती. पोरं तिला वर्गाच्या दारात "ए मिश्री" म्हणून हाक मारू लागली. तिनं कॉलेज सोडलं नाही, पण वर्गात बोलणं सोडलं. हजेरीला नुसता हात वर करायची.

दादा निवडून आले. मताधिक्य आधीपेक्षा वाढलं होतं.

काही महिन्यांनी दादांचा माणूस आकाराम मोटारसायकलवरून वस्तीवर आला. बोलायला गोड. "क्रांतीताई, दादांच्या मनाला लागलंय ते. म्हणाले, ताईंचे दात करून द्या. सांगलीत मोठा दवाखाना हाय. वरनं टोप्या बसवत्यात, एकदम पांढऱ्याधोट. तुमचे, पोरीचे, वस्तीतल्या आणिक चार पोरींचे. एक पैसा द्यायचा न्हाई. फकस्त एक फोटू."

"आन् यंतर?"

"यंत्राचं बघू की मागनं. तुमचं तर हुतंय न्हवं?"

"माझे दात म्या दाखवले ते मला नवं पायजेत म्हणून न्हाई," क्रांती म्हणाली. "यंतर सुरू करा. मग फोटू काढा, नाचून काढा."

आकाराम गेला. माया आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला इचारलंस का?"

"अगं, त्यो लाच देतोय आपल्याला."

"दिऊ दे!" मायाचा आवाज फाटला. "उद्या पाणी आलं तर माझे दात परत येणार हायत का? तू जिकलीस तरी मी अशीच. दादाला जाब इचारायला तू हायस, आण्णा हायत, समदं गाव हाय. मला रोज वर्गात जायाचं आस्तंय. कुणी मला बघून हसू नये, एवढंच पायजे मला. त्येबी जास्त हाय का?"

लेकीचं चुकतंय असं क्रांतीला वाटलं, पण कुठं चुकतंय ते बोटानं दाखवता येईना.

मायाला अठरावं लागलं आणि एके सकाळी ती दुसऱ्या पोरींबरोबर आकारामनं आणलेल्या गाडीत बसून सांगलीला गेली. चार फेऱ्या झाल्या. क्रांतीनं अडवलं नाही, विचारलंही नाही. भाकरी तेवढी बांधून दिली.

दादांच्या वाढदिवसाला गावच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. क्रांती बागेवरून टेम्पोतून उतरली आणि समोर लेक दिसली. माणसाहून मोठी माया, मान किंचित मागं टाकून, तोंडभर हसत होती. बाजूला हात जोडलेले दादा. खाली लिहिलं होतं, 'लेकींच्या चेहऱ्यावर हसू फुलवणारं नेतृत्व.' टेम्पोतल्या बायका क्रांतीच्या तोंडाकडं बघत होत्या, ही आता काय करते म्हणून. तिनं काहीच केलं नाही. आपली पोर इतकी देखणी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मनात राग चाचपून पाहिला, तर तो होता. पण त्याच्याशेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

त्यानंतरच्या ग्रामसभेत तिनं यंत्राचा विषय काढला. सरपंच कागदातून मान वर न काढता म्हणाले, "तुमच्या घरातलं काम झालं की ताई. आता काय ऱ्हायलंय?" लोक हसलेसुद्धा नाहीत. नुसते पुढच्या विषयाकडं वळले. मांडवातल्या हसण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

आण्णा त्या थंडीत गेले. शेवटी शेवटी त्यांना कूस बदलता येत नव्हती.

मायाला मागणी आली सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून. मुलगा कंपनीत, घर सुशिक्षित. पाहुणे येणार त्या सकाळी माया आईजवळ आली, साडीच्या निऱ्या चाळवत राहिली. "आई," म्हणाली, "पाव्हणं हायत तवर तू जरा आतच ऱ्हाशील का?"

क्रांती आत राहिली. पोहे तिनंच केले, पण नेऊन दिले भावजयीनं. बाहेर बाया मायाच्या हसण्याचं कौतुक करत होत्या, ते भिंतीआडून तिला स्पष्ट ऐकू आलं. लग्न पार पडलं. दातांच्या टोप्यांबद्दल सासरी कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभरानं मायाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात सासूनं तिची पिशवीही भरून ठेवली. क्रांतीनं फोन केला.

"हिकडं येऊ नगंस."

"आगं, हितं काय सांगू मी?"

"पाण्याचं सांग."

"पाण्याचं सांगितलं तर म्हणतील, मग तुझे दात कसं चांगले?"

"मग सांग, आईला खर्च झेपत न्हाई. आईनं हात वर केले म्हण."

मायानं तसंच सांगितलं. पोरगी झाली ती खंडाळ्यालाच. क्रांती बाळंतविडा घेऊन गेली तेव्हा विहीणबाईंनी पाट दिला, चहा दिला, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पहिलं बाळंतपणबी जड झालं म्हणायचं माहेराला." क्रांतीनं मान खाली घातली. बाळाला मांडीवर घेतलं, हिरड्यांवरून बोट फिरवलं. गुलाबी, मऊ, रिकाम्या हिरड्या. स्वयंपाकघरात नळाचं पाणी भांड्यात पडत होतं.

संध्याकाळी निघाली तेव्हा माया ओली बाळंतीण असूनही दारापर्यंत आली. मागं सासू उभी होती म्हणून हळू आवाजात म्हणाली, "यंतर सुरू झालं का?"

"न्हाई."

"अजून इचारतीस?"

"दर ग्रामसभेला."

मायाला आणखी काही बोलायचं होतं. पण आतून बाळ रडलं, सासूनं हाक मारली, आणि ती वळली. क्रांती थांब्यावर आली. साताऱ्याची गाडी भरून आली होती. मागच्या दारापाशी उभं राहायला जागा मिळाली.