दाढीपुरतं पाणी

दुष्काळात माणसं पुष्कळ खोटं बोलतात. त्यातलं सगळ्यात सोयीचं खोटं मी एका न्हाव्याच्या तोंडून ऐकलं. ‘पाणी न्हाई साहेब,’ एवढंच तो म्हणाला. आणि म्हणाला कुणाला, तर त्या गावाला पाणी आणून देणाऱ्या माणसाला.

तो माणूस मी. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. नांदेडच्या कचेरीत माझं बरं चाललं होतं, पण नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडली म्हणून आम्हा काही कारकुनांची इकडे रवानगी झाली. पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता, टेबल होतं तिथं खुर्ची नव्हती, आणि त्यात पावसानं दगा दिला. मला औशापासून बरंच आत असलेल्या एका गावात टँकरच्या कामावर बसवलं. मुक्काम शाळेच्या एका खोलीत. औशाहून टँकर यायचा. मी टाकीवर चढायचो, झाकण उघडून काठी बुडवायचो, टाकी भरून आली आहे ना ते बघायचो, तिथंच ओंजळीनं चार घोट प्यायचो आणि ड्रायव्हरला खूण करायचो. आधी गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांच्या घागरी मी पाइपाखाली भरून घ्यायचो, कारण विहिरीवर त्यांना कोण हात लावू देणार होतं? सरकारी काम म्हणून कुणी तोंड उघडायचं नाही. बाकीचं पाणी विहिरीत सोडायचं. सगळं गाव घागरी घेऊन उभं असायचं आणि हे रोज बघायचं.

आता दाढीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याची दाढी लहानपणापासून पारावर होत आलेली असते.

माझं गाव लोह्याकडचं. तिथला न्हावी पाटलाच्या म्हशी भादरायचा, आमच्या माणसांना हात लावायचा नाही. म्हशीनं बाटत नव्हतं, आमच्यानं बाटत होतं. त्यामुळं आमच्या वस्तीतले बाप्ये एकमेकांची दाढी करायचे. माझ्या वडिलांकडं एक वस्तरा होता. पहाटे कामाला जायच्या आधी ते दारात बसायचे, तांब्यातलं थंडगार पाणी गालाला चोळायचे आणि वस्तरा ओढायचे. चुलीला सरपण पुरत नव्हतं, तिथं दाढीला पाणी कोण तापवणार? पण वडील तसं म्हणायचे नाहीत. थंड पाण्यानं कातडी ताठ राहते, वस्तरा बरा चालतो, असं ते सांगायचे. मला मिसरूड फुटली तेव्हा त्यांनी माझीही तशीच केली. हनुवटी सोलून निघायची आणि त्यावर तुरटी फिरवली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. थंड पाण्याचा एवढा गुण असता तर पाटलानं गरम पाणी कशाला मागितलं असतं, हे मला त्या वयातही कळत होतं.

नांदेडला नोकरी लागली आणि मी पहिल्यांदा सलूनच्या खुर्चीत बसलो. न्हाव्यानं खांद्यावर टॉवेल टाकला, पितळी वाटीत कढत पाणी घेतलं, गालावर भरपूर फेस केला. मग माझी मान हलकेच मागं केली आणि विचारलं, कलम कुठपर्यंत ठेवायचे? आडनाव विचारलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्याच खुर्चीत मी ठरवलं, यापुढं आपण आपली दाढी करायची नाही. चार लोकांसारखं न्हाव्यापुढं बसायचं आणि मान त्याच्या हातात द्यायची.

घरून निघताना वडिलांनी तो वस्तरा फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला होता. शहरात हा कशाला, असं मी वैतागून म्हटलं होतं. ‘ऱ्हाऊ दे. लागंल,’ ते म्हणाले. मला त्या ‘लागंल’चा फार राग आला होता. वस्तरा ट्रंकेच्या तळाशी गेला. तो कधीच बाहेर निघू नये आणि वडिलांचं म्हणणं खोटं ठरावं, एवढंच मला हवं होतं. नांदेडला ते खोटं ठरलंही.

या गावात न्हावी पिंपळाच्या पारावर बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला अगदी अगत्यानं समोर बसवलं. पुढं वाटी होती, वाटीत पाणी होतं, ब्रश ओला झाला होता. बोलता बोलता त्यानं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं ब्रश वाटीत ठेवून दिला, पारावर बसलेल्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, पाणी न्हाई साहेब. मी वाटीकडं बघत होतो. तोही वाटीकडंच बघत होता.

दुसऱ्या खेपेला मी माझा तांब्या भरून घेऊन गेलो. तेव्हा वस्तऱ्याची धार गेलेली होती. पुढच्या खेपेला शनिवार होता आणि शनिवारी तो वस्तरा धरत नाही असं मला समजलं. हे तो सांगत होता तेव्हा त्याच्या पुढ्यातून नुकताच उठलेला माणूस कानामागचा फेस पुसत उभा होता. पारावरची मंडळी जमिनीवर काड्यांनी रेघोट्या ओढत होती. एकालाही हसू आलं नाही की शरम वाटली नाही. माझ्या दाढीचे खुंट वाढत चालले आणि त्याबरोबर माझं डोकंही तापत चाललं.

औशाला जाऊन दाढी करून आलो असतो. बाजारात ब्लेडचं रेझरही मिळत होतं. पण का? ज्या गावासाठी मी उन्हात टाकीवर चढत होतो, त्या गावात माझा गाल कुणाच्या हाताला चालत नव्हता, म्हणून मी एसटीचे धक्के खात तालुक्याला जायचं?

एकदा पारावर कुणी नाही असं पाहून मी न्हाव्याला गाठलं आणि खरं काय ते विचारलं. त्यानं धोकटी आवरायला घेतली होती. वर न बघताच तो बोलला, ‘पाण्याचं न्हाई साहेब. तुमच्या गालाला हात लावला तर उद्या हितं कुणी बसणार न्हाई. लेकरं हायत मला.’ निदान एकदा तरी तो खरं बोलला. पण त्याच्या खरं बोलण्यानं माझा राग कमी झाला नाही, फक्त त्याच्यावरून उठून गावावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. वस्तरा फडक्यात होता तसाच होता, वडिलांनी तेलाचा हात फिरवून ठेवलेला. गावाचा राग होताच, पण वडील खरे ठरले याचा जास्त होता. कंबरेच्या पट्ट्यावर मी त्याला धार लावली.

टँकर आला. तो मी विहिरीजवळ नेऊ दिला नाही, पारासमोरच उभा करायला लावला. वर चढलो, काठी बुडवली, आणि मग सगळ्यांदेखत तांब्या टाकीत बुडवून भरून घेतला. खाली उतरून टँकरच्या आरशापुढं उभा राहिलो. सगळं गाव घागरी घेऊन जमलेलं. मी गालाला थंड पाणी चोळलं आणि वस्तरा लावला. ड्रायव्हर औशाचा होता, त्याला सगळी हकिकत ठाऊक होती. तो खिडकीतून हळूच म्हणाला, ‘साब, जल्दी नको करो, गाल कटेगा.’

मी घाई केली नाही. बायकांना ताटकळावं लागलं याचं मला वाईट वाटलं, पुरुषांचं मुळीच वाटलं नाही. हनुवटीवर दोनदा कापलं. कातडी ताठ राहिली होती तरीही.

गाव ज्याच्या शब्दाबाहेर नव्हतं असा एक म्हातारा पुढं आला. तो दाढीसाठीच पारावर येऊन बसला होता. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही तांब्या बुडवला ते पाणी आता आमच्या हिरीत जायाचं का?’

‘हाव,’ मी म्हणालो. ‘रोजच जातं. रोज ह्याच हातानं काठी बुडवतो, ह्याच ओंजळीनं पितो. तुम्ही बघताच की. नको असंल तर सांगा, टँकर माघारी धाडतो.’

मी वस्तरा फडक्याला पुसला आणि वाट बघत उभा राहिलो. मला खरोखरच उत्तर हवं होतं. म्हाताऱ्यानं एकदा टाकीकडं पाहिलं. मग त्यानं आपल्या सुनेला हातानंच विहिरीकडं जायची खूण केली, आणि तिच्यामागं सगळ्या घागरी निघाल्या.

मी ड्रायव्हरला गाडी पुढं घ्यायला सांगितली. वस्तीतल्या बायकांच्या घागरी भरून झाल्यावर पाइप विहिरीत सोडला. पोहरे पडले, पाणी शेंदलं गेलं. एकही घागर रिकामी परत गेली नाही. न्हाव्याच्या बायकोनंही आपली भरली आणि जाता जाता तिच्यातलं थोडं नवऱ्याच्या तांब्यात ओतलं. न्हाव्यानं त्यातलं पाणी वाटीत घेतलं, ब्रश भिजवला आणि म्हाताऱ्याच्या गालावर फेस करायला लागला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून मान मागं टाकली होती.