शरणबसप्पांचा पिवळा आणि परक्या ग्रहाचा धूर

तेरखेड्याच्या शरणबसप्पांनी चाळीस वर्षं शोभेची दारू करून हजारो वराती उजळल्या, पण एकीतही ते धड जेवले नाहीत. आपला शेवटचा भुईनळा विझेपर्यंत त्यांना घास उतरत नाही. ठिणगीचा रंग बघून ते मसाला ओळखतात: हिरवा म्हणजे बेरियम, पिवळा म्हणजे सोडियम.

पुतणी शिवलीला पुण्यात दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या अवाढव्य ग्रहांची हवा संगणकावर मांडते. त्या हवेत सोडियमची वाफ असते, हे कळल्यापासून काका तिला आपल्याच धंद्यातली समजतात.

गेल्या महिन्यात ती आली ती तोंड पाडूनच. सोमवारी मार्गदर्शकांपुढं गणित ठेवायचं होतं आणि दुर्बिणीच्या आलेखाशी ते चौथ्यांदा जुळत नव्हतं. काका म्हणाले, दाखव. मात्र लॅपटॉप दारू भरायच्या शेडपाशी आणायचा नाही, बॅटरीची ठिणगी नको. त्याची रवानगी लांब बांधावरच्या कडुलिंबाखाली झाली, आणि काका हातपाय धुऊन, सदरा बदलून तिथं गेले.

तिनं समजावलं, की ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड त्या हवेतून गाळून येतो आणि सोडियम त्यातला पिवळा खाऊन टाकतो. आलेखात तिथं खड्डा पडतो. काका जरा दुखावलेच. जन्मभर ज्यानं पिवळा दिला, त्यानंच तो गिळावा? असो. तिच्या गणितात खड्डा खोल होता, दुर्बिणीला मात्र उथळ दिसत होता.

"सोडियम कमी करून बघितलंस?"

"बघितलं, काका. मग बाकीचं बिघडतं."

"आन् धूर किती धरलास?"

तिनं हवा निरभ्र धरली होती. आधीच्या दोन ग्रहांना तेवढ्यावर भागलं होतं.

"मसाला कितीबी चोख असू दे लीला, मधी धूर आला की रंग मरतोय."

तिनं तिथंच वरच्या हवेत एक धुरकट थर घातला. दुपारभर गणित चाललं. शेडमधून दोनदा बोलावणं आलं, काका हलले नाहीत. शेवटी खड्डा उथळ झाला आणि तिची रेघ दुर्बिणीच्या बहुतेक ठिपक्यांवरून गेली. दोन-तीन ठिपके तेवढे रुसून बाजूला राहिले.

सोमवारी मार्गदर्शकांनी मान डोलावली आणि विचारलं, हा धूर कशाचा? तिनं काकांना फोन लावला.

"हितं वास येत न्हाय, लीला," ते म्हणाले, "न्हायतर सांगितलं असतं."